वणीचे ते सात जण

(यवतमाळ जिल्ह्यातील एका कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



अमली पदार्थ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईच्या मेजवान्या आणि पंजाबची सीमा उभी राहते. आपल्या जिल्ह्याचा त्याच्याशी काय संबंध, असे म्हणून आपण निश्चिंत होतो. म्हणून आज दूरचे काही सांगत नाही. एप्रिल २०२१ मध्ये आपल्याच वणीत जे घडले, तेवढेच सांगतो.

करोनाची दुसरी लाट होती. निर्बंधांमुळे दारूची दुकाने बंद होती. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात तर २०१५ पासूनच दारूबंदी होती. ती उठवण्याचा निर्णय मे २०२१ मध्ये झाला. मद्य मिळेना, तेव्हा वणीतील काही जणांनी सॅनिटायझर प्राशन केले. ७ जण दगावले. त्यांतील काहींचे अंत्यसंस्कार प्रशासनाला न कळवताच उरकण्यात आले. आम्हा पत्रकारांचे म्हणाल, तर आम्ही मृतांचा आकडा छापला आणि पुन्हा ऑक्सिजनच्या बातम्यांकडे वळलो.

‘काय ही चैन!’ असे उद्गार तेव्हा कानी आले. बंधूंनो, चैनीसाठी कोणी सॅनिटायझर पीत नाही. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू मद्याच्या गुंगीविरुद्ध सतत जोर लावण्यास सरावलेला असतो. मद्य एकाएकी थांबले की तो जोर मोकाट सुटतो. ६ ते ८ तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या २ दिवसांत झटके येऊ शकतात. पुढे काहींना भ्रम होतो; नसलेले किडे भिंतीवर दिसतात, घरची माणसे ओळखू येत नाहीत. उपचार न झाल्यास यातही मृत्यू ओढवतो. ही थरथर थांबावी म्हणून माणूस हाती लागेल ती बाटली तोंडाला लावतो.

सॅनिटायझरमध्ये साधारण ७० टक्के अल्कोहोल असते, म्हणजे देशी दारूहून कितीतरी तीव्र. भेसळीच्या मालात मिथेनॉलही असू शकते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालते. दृष्टी धूसर होते, श्वास जड होतो. घरच्यांना मात्र वाटते, झिंगून पडला आहे, सकाळी उठेल. घात होतो तो इथेच.

मी स्वतः दारूबंदीच्या बाजूचा आहे, हे लपवीत नाही. आपल्या शेजारचा वर्धा जिल्हा १९७४ पासून कोरडा आहे आणि मला त्याचा आदर वाटतो. पण दुकानाला टाळे लागते त्या रात्री पिणाऱ्याच्या घरी काय होणार, याचा विचार बंदीची मागणी करणाऱ्या आम्हीच करायला नको का? त्या घरी आपण जातो का? की चारचौघांत त्याचे नाव काढायलाही संकोचतो?

आपल्या आप्तांपैकी कोणी रोज पीत असेल, तर त्याला कोंडून ‘आजपासून बंद’ असा निग्रह घरच्या घरी करू नका. डॉक्टरांच्या देखरेखीत, औषधे देऊन मद्य सोडवता येते. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. तो लिहून घ्या. आणि भलतेच काही प्यायल्याची शंका आली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. काय प्यायला ते डॉक्टरांना खरे सांगा आणि ती बाटली सोबत न्या.