बेने इस्रायल तरुणांचे समाजकार्य आणि आपण

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त अंबड येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘युवाशक्ती आणि समाजसेवा’ या विषयावर बोलावे, अशी आज्ञा मला झाली. या विषयावर आपण सर्वांनी इतकी भाषणे ऐकली आहेत की पुढचे वाक्य श्रोत्यांनाच आधी सुचते. मी काही विद्वान नाही. बी. कॉम. झालो आणि दुसऱ्या दिवशी दुकानाच्या गादीवर बसलो, तो आजतागायत बसलेलाच आहे. म्हणून उपदेश करण्याऐवजी एका लहानशा समाजाची हकिकत सांगावी असे ठरविले. तो समाज जैन नाही, यहुदी आहे. ज्यांना आपण ज्यू म्हणतो ते. हे कळल्यावर आमच्या एका ज्येष्ठ विश्वस्तांनी भुवया उंचावून विचारले, “शेठ, आपल्या महोत्सवात त्यांचे काय?” त्याचे उत्तर या भाषणात मिळावे, अशी माझी इच्छा आहे.

या समाजाशी माझी ओळख कापडामुळे झाली. पुष्कळ वर्षांपूर्वी एक कुटुंब लग्नाचा बस्ता बांधायला दुकानी आले. आडनाव कोकणातले, ‘कर’ प्रत्ययाचे, आणि बोलणे अस्सल मराठी. नवरीसाठी शुभ्र पांढरी साडी दाखवा म्हणाले. आमच्याकडे लग्नाच्या बस्त्यात पांढरे कापड चुकूनही ठेवीत नाहीत. मी चाचरत विचारले, तेव्हा मुलीचे वडील हसले आणि म्हणाले, “आम्ही बेने इस्रायल. आमची नवरी पांढरे नेसते.” त्या दिवशी साडी तर विकली गेलीच, पण घरी गेल्यावर मी या लोकांविषयी मिळेल ते वाचू लागलो. ते वाचन आजही चालू आहे.

त्यांची परंपरा सांगते की पूर्वज गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला, अलिबागजवळ नवगाव येथे लागले. पुढे शतकानुशतके रायगड जिल्ह्याच्या गावोगावी त्यांनी तेलाचे घाणे चालविले. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस. त्या दिवशी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. घाणा बंद ठेवला तर गिऱ्हाईक शेजारच्या घाण्यावर जाते, हे काय त्यांना कळत नव्हते? पर्युषणात दुकान बंद ठेवणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे. किहीमचे किहीमकर वा केहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर अशी गावांवरून त्यांची आडनावे पडली. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत. कीर्तनाची गोडी लागली तेव्हा त्यांनी आपल्या धर्मग्रंथांतील आख्यानांवर मराठीत कीर्तनेही केली. अठराव्या शतकापासून ते मुंबईत येऊ लागले, पलटणीत भरती झाले, कारकुनी व सुतारकाम करू लागले. १७९६ मध्ये त्यांच्यापैकी एक सैनिक अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले.

आता मुख्य विषयाकडे येतो. १८५३ साली हाईम सॅम्युएल केहीमकर या तरुणाने समाजात शिक्षणाचा प्रसार व्हावा म्हणून एक हितकारी मंडळ काढण्यात पुढाकार घेतला. त्यांचा जन्म १८३० चा. म्हणजे वय बाविशी-तेविशीचे. बंधूंनो, त्या वेळी त्यांच्या समाजात सोनेनाणे राखणारे शेठ फारसे नव्हते. लोक गरीब होते. मुंबईत बगदादहून आलेले ससून घराण्यासारखे श्रीमंत यहुदी होते, पण ते निराळे आणि त्यांचे मार्गही निराळे. केहीमकरांची इझ्राएलाइट स्कूल ही शाळा उभी राहिली ती १८७५ मध्ये. मध्ये २२ वर्षे गेली! बाविशीत धरलेला धागा त्यांनी पंचेचाळिशीपर्यंत हातातून सुटू दिला नाही. त्या शाळेत इंग्रजी व मराठीबरोबर हिब्रू शिकविली जाई. इंग्लंडमधील अँग्लो-ज्युईश असोसिएशनने पुढे अर्थसाह्य केले. याच गृहस्थांनी आपल्या समाजाचा सविस्तर इतिहास लिहून १८९७ मध्ये पूर्ण केला, पण तो छापून निघाला १९३७ साली, तोही तेल अवीवमध्ये. लेखक तेव्हा हयात नव्हते. आपल्या समाजाच्या जुन्या वह्या-दप्तरांचे काय चालले आहे, असा एक विचार हे वाचताना मनात आला. तो आजचा विषय नाही, म्हणून सोडून देतो.

ती शाळा आजही मुंबईत माझगावला आहे. व्यापारी सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर तिला त्यांचे नाव मिळाले. समाजातील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. भारतात आज हा समाज जेमतेम चार-पाच हजारांचा उरला आहे. त्यामुळे शाळेतले बहुतांश विद्यार्थी आता अन्य धर्मांचे, विशेषतः मुसलमान कुटुंबांतले आहेत. यहुद्यांनी आपल्या मुलांसाठी काढलेली शाळा शेजाऱ्यांच्या मुलांसाठी चालू राहिली. तिला टाळे लागले नाही.

या शाळेच्या प्राचार्या १९२२ ते १९५० अशी २८ वर्षे रेबेका रुबेन या होत्या. त्यांचा जन्म १८८९ चा, शिमोग्याचा. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत त्या सर्वांत पहिल्या आल्या. मुलगी पहिली येण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. इंग्लंडला जाऊन त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. १९१७ पासून काही वर्षे त्यांनी बेने इस्रायल समाजाचे वार्षिक संपादित केले. म्हणजे आपण आज जी स्मरणिका काढीत आहोत, त्याच जातीचे काम. मात्र संपादिकेचे वय तेव्हा २८ होते. आपल्या स्मरणिकेच्या संपादक मंडळात सर्वांत तरुण सदस्य ५७ वर्षांचे आहेत, हे मी कोणाला दुखविण्यासाठी म्हणत नाही. मी स्वतः त्या मंडळात आहे.

हुजूरपागेचीच दुसरी विद्यार्थिनी डॉ. जेरुशा झिराड. यांच्याविषयी मला थोडे अधिक बोलू द्या. बालपणी त्यांची बहीण गंभीर आजारी पडली आणि मुंबईच्या कामा रुग्णालयात डॉ. बेन्सन या इंग्रज डॉक्टरबाईंच्या हातून बरी झाली. आपणही डॉक्टर व्हायचे आणि याच रुग्णालयात काम करायचे, असे त्या चिमुरडीने तेव्हाच मनाशी ठरविले. हे कामा रुग्णालय १८८६ मध्ये उभे राहिले ते पेस्तनजी होरमसजी कामा या पारशी दानशूराच्या देणगीतून. दाता पारशी, डॉक्टर इंग्रज, रुग्ण सर्व धर्मांच्या स्त्रिया, आणि तेथून प्रेरणा घेऊन निघाली यहुदी मुलगी. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९१२ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, १९१३ साली, त्यांनी आपल्या समाजातील स्त्रियांसाठी स्त्री मंडळ काढले. वय २२-२३. नंतर शिष्यवृत्ती घेऊन त्या लंडनला गेल्या आणि १९१९ मध्ये स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात एम. डी. झाल्या. १९२५ मध्ये मुंबईत उदारमतवादी यहुदी प्रार्थनासंघ स्थापन करण्यात त्यांचाच पुढाकार होता. धर्म सोडून समाजसेवा असा त्यांचा मार्ग नव्हता, हे आपण नीट लक्षात घेतले पाहिजे.

१९२८ मध्ये बालपणीचा संकल्प पुरा झाला. कामा रुग्णालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि १९४७ पर्यंत राहिली. बाळंतपणात मुंबईतील स्त्रिया का दगावतात, याची पाहणी त्यांनी केली. रुग्ण आला की औषध द्यायचे एवढ्यावर न थांबता मृत्यूचे कारण शोधत जायचे, ही सेवा निराळ्या प्रतीची होय. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईचे महापौरपद १९३७-३८ मध्ये भूषविणारे डॉ. एलिजा मोझेस हेही याच समाजाचे. वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस मार्ग आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

हे सारे गोडगोड होते, असे मात्र समजू नये. १९१७-१८ च्या सुमारास एवढ्याशा समाजात एक परिषद आणि तिच्या जोडीला एक लीग, अशा दोन अखिल भारतीय संस्था निघाल्या. माणसे मूठभर, अध्यक्ष दोन! दोन्ही फार काळ टिकल्या नाहीत. आपल्याकडील पंथोपपंथांचा अनुभव असलेल्यांना यावर वेगळे भाष्य नको. टिकले काय, तर शाळा.

यहुद्यांकडे दानाला ‘त्सेदाका’ हा शब्द आहे. तो ‘न्याय’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे. म्हणजे गरिबाला दिले ते उपकार म्हणून नव्हे, त्याचे होते ते त्याला दिले. मी वाणिज्य शाखेचा माणूस, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. आपण दान खर्चाच्या खात्यावर टाकतो, ते देण्याच्या खात्यावर टाकतात. बोलीत चढावा घेतला की आपल्याला पुण्य मिळाले, असे आपण मानतो, आणि ते खरेही आहे. पण देणेकरी आपले देणे चुकते करून फलकावर नाव लावा म्हणत नाही. जीवांच्या परस्पर उपकाराचे तत्त्वार्थसूत्रातले सूत्र आपल्या जैन प्रतीकाखाली लिहिलेले असते. त्याचाही अर्थ याहून फार दूरचा नसावा, असे मला वाटते; चूक असेल तर जाणकारांनी सुधारावे.

अलीकडचे एक उदाहरण. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईच्या नरिमन हाउसमध्ये रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का मारले गेले. दोघांनी अजून तिशीही गाठली नव्हती. त्यांच्या स्मरणार्थ २०१२ मध्ये ‘गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई’ सुरू झाले. परदेशांतील तरुण यहुदी मुले-मुली ठाण्याजवळच्या कळव्याच्या झोपडपट्टीत येऊन मुलांना शिकवू लागली, आणि त्याच वस्तीतील स्त्रिया त्या मुलांसाठी गरम जेवण रांधू लागल्या. ज्या शहरात आपली माणसे मारली गेली, त्याच शहराच्या गरीब मुलांकडे ही मुले आली. क्षमापना आपण दरवर्षी करतो. हा प्रकार वाचून मी बराच वेळ वर्तमानपत्र मिटून बसलो होतो.

आपल्याकडे अशी माणसे नाहीत काय? आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील जैन कुळातले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा ते ३२ वर्षांचे होते आणि वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र जेवत होती. आपल्या जिल्ह्यात चांदवडचा श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम १९२८ सालचा. तेथे आज महाविद्यालये उभी आहेत. भारतीय जैन संघटना शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये काढली, ऐन तारुण्यात. १९९३ च्या लातूर भूकंपानंतर सुमारे १२०० मुले त्यांनी शिक्षणासाठी पुण्याला आणली, ती मुले काही जैन नव्हती. अल्पसंख्याक म्हणून आपल्याला २०१४ मध्ये केंद्राची मान्यता मिळाली, महाराष्ट्रातील यहुद्यांना २०१६ मध्ये राज्याची. कागदावर आपण दोघे एका रांगेत आहोत.

आता जे सांगायचे आहे ते थोडे अवघड आहे. चार वर्षांपूर्वी आपल्या युवक मंडळाच्या सहा मुला-मुलींनी विश्वस्त सभेपुढे एक अर्ज ठेवला होता. पर्युषण, आयंबिलाची ओळी आणि लग्नसराई सोडली तर आपला खालचा हॉल वर्षभर रिकामा असतो. अंबडच्या कारखान्यांत राबणाऱ्या कामगारांची मुले एका खोलीत पाच-सहा जणांत राहतात, त्यांना अभ्यासाला जागा नाही. रोज संध्याकाळी ६ ते ८ या वेळात हॉल उघडावा. झाडलोट आम्ही करू, विजेचे बिल आम्ही वर्गणी काढून भरू, असे त्यांनी लिहिले होते. सोबत हिशेबाचा कागदही जोडला होता, आणि तो बरोबर होता. मी तपासला होता.

त्या अर्जाला विरोध मी केला. फरशी खराब होईल, बाहेरचे खाणे आत येईल, आज जागा दिली तर उद्या हक्क सांगतील, असे मी बोललो. हॉल उघडायला सहा मुले तयार होती आणि बंद ठेवायला मी एकटा पुरेसा झालो. ‘पुढील सभेत विचार करण्यात येईल’ असे इतिवृत्तात लिहिले गेले. ती पुढील सभा अद्याप झालेली नाही. त्या सहांपैकी तिघे नोकरीनिमित्त पुण्याला गेले. पंगतीत वाढायला मात्र उरलेले तिघे दरवर्षी येतात. आम्ही बोलावतो म्हणून. त्यांतील एक मुलगी सिडकोत एका इमारतीच्या वाहनतळात सतरंजी टाकून अकरा मुलांना शिकविते. पावसाळ्यात वर्ग बंद असतो.

मी अध्यक्षांच्या परवानगीने हा विषय येत्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर पुन्हा घातला आहे. जोडीला आणखी एक सूचना दिली आहे. विश्वस्त मंडळात तिशीच्या आतील दोन सदस्य घ्यावेत, एक मुलगा व एक मुलगी, आणि या कामाच्या धनादेशावर त्यांची सही चालावी. नुसते ‘निमंत्रित’ म्हणून नकोत. सभा महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला आहे. जुन्या इतिवृत्तात विरोध करणाऱ्यांत पहिले नाव माझे आहे. ते खोडू नये, अशी चिटणीसांना विनंती केली आहे.

माझ्या बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास, अगर कोणाचे मन दुखावले असल्यास, मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.