वाळूखालची मृतभक्षक गोगलगाय

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीत वाळूखाली दडून राहणारी नासॅरियस ही लहानशी शंखधारी गोगलगाय काचेवरचे शेवाळ खाईल या समजुतीने अनेकजण आणतात. परंतु ती मुळात मांसाहारी व मृतभक्षक असल्यामुळे केवळ शेवाळाच्या भरवशावर तिला सोडणे म्हणजे उपाशी ठेवणेच होय. कोळंबीचा हरभऱ्याएवढा तुकडा पाण्यात पडताच, वाळूबाहेर उंचावलेल्या सोंडेसारख्या नळीने त्याचा गंध टिपून, क्षणापूर्वी निर्जन भासणाऱ्या तळातून या गोगलगायी एकामागून एक वर येतात, आणि ते दृश्य कितीही वेळा पाहिले तरी माझे कुतूहल शमत नाही. माशांच्या खाण्यातून उरलेले अन्न पुरत नसेल तर आठवड्यातून एकदोनदा असा तुकडा द्यावा व शिल्लक राहिलेला काढून घ्यावा, अन्यथा तो कुजून पाण्यात अमोनिया वाढतो. तळाशी बारीक वाळूचा दोनेक इंचांचा थर हवा. मात्र सर्वांत मोठी खबरदारी औषधांची: माशांच्या रोगांवर वापरली जाणारी ताम्रयुक्त द्रव्ये या जीवांना प्राणघातक ठरतात, म्हणून आजारी माशाच्या उपचाराची तजवीज निराळ्या पेटीतच करावी. नवी गोगलगाय आणल्यावर पिशवीतील पाण्यात पेटीचे पाणी थेंबाथेंबाने मिसळत जावे. क्षारतेतील आकस्मिक बदल तिला सोसवत नाही.