मोठं इंजिन आणि पाण्याचा चढ

नाखवा आणि तांडेल मंडळींनो, नवं इंजिन घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती हॉर्सपॉवरचं?’ त्याआधी होडीची लांबी विचारा, एवढंच आज सांगायचं आहे. वेग दुप्पट हवा तर ताकद साधारण आठपट लागते, हे तुम्ही जाणता. पण त्याच्याही पुढे लाट आडवी येते. इंग्लंडात टॉर्की इथे विल्यम फ्रूड यांनी १८७२पासून टाकीत प्रतिकृती ओढून पाहिल्या आणि पाणी तळाला घासतं तो विरोध वेगळा, लाटा उठवण्यात जाते ती ताकद वेगळी, असा हिशोब मांडला. काठावरून वाकून पाहा. होडी सावकाश चालली की कुशीला लाटांचे दोन-तीन माथे दिसतात. वेग वाढला की एक माथा नाळेशी, दुसरा पार मागे आणि मधे एकच लांब खळगा. त्याहून रेटलं की मागची बाजू खळग्यात बसते, नाळ वर उठते. घाटात बैलगाडीला जादा जोडी जुंपली तर गाडी माथ्यावर पोचते. इथे चढ गाडीबरोबरच पुढे सरकतो, आणि जितके बैल जास्त तितका तो उभा होतो. पाण्यात ३६ फूट लांबी असलेल्या होडीला हा चढ आठ नॉटच्या आसपास लागतो. म्हणून पुन्हा सांगतो, आधी लांबी विचारा.

कुणी म्हणेल, स्पीडबोट कशी पळते? ती हलकी, सपाट तळाची; लाटेवर चढून पाण्याच्या वरून घसरते. बर्फ, जाळी आणि मासळीने भरलेल्या ट्रॉलरला ते जमणार नाही. दुसरा आक्षेप बाजाराचा, आणि तो खरा आहे: उशिरा आलेल्या मासळीला भाव मिळत नाही. पण चाळीस सागरी मैल परतायला आठ नॉटने पाच तास लागतात, सात नॉटने पावणेसहा. बर्फ नीट भरलेला असेल तर पाऊण तासाने मासळी बिघडत नाही, आणि तेवढ्याच अंतराला डिझेल जवळजवळ पाव हिश्शाने कमी जळतं. वादळ मागे लागलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा इंजिन राखू नका. एरवी मात्र तो शेवटचा एक नॉट फार महाग पडतो, मंडळी. पंख्याबद्दलही बोलायचं होतं, वेळ संपत आली. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढली की तळाचे शिंपले आणि शेवाळ खरवडून काढा, पंख्याची पाती वाकलीत का पाहा, आणि मोठ्या इंजिनाचा विचार त्यानंतर करा.