ग्रामसभा मोबाईलवर भरेल का?

(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा मजकूर)



आपल्या शिकलेल्या पोरापोरींनी ग्रामसभेसाठी मोबाईलचं ॲप बनवायचं काढलंय. त्यांचं म्हणणं, दिवाळी झाली की निम्मा पाडा वीटभट्टीवर जातो, सभेला माणूस जमत नाही. मग भट्टीवरूनच बटण दाबून मत द्यावं. अडचण खरी आहे. आपल्या पोरांनी ती ओळखली याचा आम्हांला आनंद आहे. पण ॲपात काय ठेवायचं, काय नाही, हे आपण सगळ्यांनी बसून ठरवायचं आहे.

वनहक्क कायदा 2006 चा. त्याच्या नियमांत 2012 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून ग्रामसभेला किमान निम्मे सभासद हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. दाव्यांवर ठराव असेल तर निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधीही हवेत. हजर म्हणजे समोर बसलेले, असाच आम्ही अर्थ घेतो. भट्टीवरचं बटण कोरमात धरलं, तर वरच्या समितीला दावा फेटाळायला आयतं निमित्त मिळेल.

आणि फोन असतो कोणाकडे? घरात एक, तोही बापयाच्या खिशात. बाईचं मत मग कोण दाबणार? दलाल तर रात्रीत दहा घरं फिरून दहा बटणं दाबून घेईल. भर सभेत, दहा बायांसमोर, त्याला हे जमत नाही.

ओडिशातलं नियमगिरी आठवा. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 12 गावांत सभा झाल्या, न्यायाधीश निरीक्षक म्हणून समोर बसले. डोंगरिया कोंध माणसं उठून बोलली, डोंगर आमचा देव आहे म्हणाली. बाराही गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. हे बोलणं 'हो' आणि 'नाही'च्या बटणात मावलं नसतं. आपल्या गडचिरोलीतलं मेंढा-लेखा तर मतं मोजतच नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहतात. वेळ लागतो, लागू दे.

म्हणून आमचं म्हणणं, ॲप मतपेटी नको, निरोप्या आणि कारकून हवा. सभेचा निरोप वारलीत, कातकरीत बोलून जावा, वाचता येत नसलं तरी कळावा. भट्टीवरच्या माणसाने आपलं म्हणणं बोलून पाठवावं. ते सभेत मोठ्याने ऐकवावं, वहीत लिहावं, पण हजेरीत धरू नये. सह्या-अंगठे झाले की ठरावाच्या प्रत्येक पानाचा फोटो तिथेच निघावा. दाव्याच्या पोचपावतीचाही. कचेरीत कागद 'सापडत नाही' म्हणतात ना, त्यावर हा इलाज. रेंज नसताना चाललं पाहिजे. आधार नंबर मागायचा नाही. कोणाची जमीन कुठे, याची यादी कंपनीच्या हातात जाता कामा नये.

मोठे ठराव होळीला घ्या. तेव्हा सगळे घरी असतात. येत्या होळीला तीन पाड्यांत हे वापरून बघू. प्रत्येक पाड्यातून एक पोरगी, एक पोरगा हवा. जेवणाच्या सुट्टीत नावं लिहून द्या.