उड्डाणापूर्वींची आंखणी

१८३५ सालीं इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं शेतजमिनीच्या मोजणीचें जें काम हातीं घेतलें, त्याच्याच नमुन्यावर पुढें मुंबई इलाख्याची सारापद्धति उभी राहिली. साखळी घेऊन मोजणीदार शिवारांतून हिंडले, बांध आंखले गेले, शेतांना नंबर मिळाले. परंतु ती साखळी सामान्यतः गांवकुसापाशीं येऊन थांबली. ज्या जागेचा सारा यावयाचा नाहीं, ती बारकाईनें मोजण्याचें सरकारला प्रयोजन नव्हतें. गांवठाण म्हणून एक सलग तुकडा नकाशावर दाखविला गेला, आणि त्याच्या पोटांतील घरें, परसें, बोळ नि गोठे यांचा हिशेब गांवकऱ्यांच्या स्मरणशक्तीवर सोडण्यांत आला.

शहरांत राहणारांस ही उणीव क्षुल्लक वाटेल. पण शेताला सातबारा आहे, आणि ज्या घरांत तीन पिढ्या नांदल्या त्याला घरपट्टीच्या नोंदीवांचून दुसरा कागद नाहीं, अशी स्थिति लहान गांवांतून दीडशें वर्षांहून अधिक काळ राहिली. घरावर कर्ज काढूं गेल्यास बँकेचा अधिकारी नकाशा मागे, आणि तो नसे. भावाभावांची वाटणी झाली कीं मधली भिंत कोणाची हा प्रश्न. वळचणीच्या पागोळ्या शेजारच्या अंगणांत पडूं लागल्या कीं भांडण. आणि त्या भांडणांत ज्याचा आवाज मोठा त्याची हद्द मोठी. विधवेच्या किंवा पोटासाठीं परगांवीं गेलेल्याच्या वांट्यास काय येत असेल, तें सांगावयास नकोच.

२४ एप्रिल २०२० रोजीं केंद्र सरकारनें जाहीर केलेली 'स्वामित्व' योजना ही या जुन्या उणिवेची भरपाई होय. गांवठाणावरून ड्रोन, म्हणजे वैमानिकावांचून उडणारें लहानसें विमान, फिरवावयाचें, त्यांतून छायाचित्रें घ्यावयाचीं आणि त्यांवरून नकाशा तयार करून घरमालकास मिळकतपत्रिका द्यावयाची, असें तिचें स्वरूप आहे. या कल्पनेचा प्रयोग महाराष्ट्रांत त्यापूर्वींच, पुरंदर तालुक्यांतील मल्हारगडाच्या पायथ्याशीं असलेल्या सोनोरी गांवीं, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साहाय्यानें झाला होता.

ड्रोन आकाशांत घिरट्या घालूं लागला कीं गांवांतील पोरें गोळा होतात, आणि पाहणारास वाटतें, काम आतां सुरू झालें. वास्तविक कामाचा महत्त्वाचा भाग तेव्हां संपलेला असतो. तो आदल्या दिवशीं मेजावर, संगणकाच्या पडद्यासमोर झालेला असतो. 'मिशन प्लॅनर' किंवा 'क्यूग्राउंडकंट्रोल' यांसारखीं सॉफ्टवेअरें त्यासाठीं विनामूल्य मिळतात. पडद्यावर उपग्रहचित्र पसरावें, गांवठाणाभोंवतीं हद्द काढावी, कॅमेऱ्याची माहिती द्यावी व उंची सांगावी. म्हणजे प्रणाली त्या हद्दींत समांतर रेषा भरून देते. शेतकरी नांगराचें एक तास घालून बांधापाशीं बैल वळवितो आणि लगतचें दुसरें तास उलट दिशेनें घालतो, अगदीं तसेंच हें उड्डाण. आणि तासें शेताच्या लांबीनें घालावीं, म्हणजे वळणें कमी पडतात, हें नांगरणाऱ्याचें शहाणपणही येथें जसेंच्या तसें उपयोगी पडतें.

दोन रेषांमध्यें अंतर किती ठेवावें, हा खरा प्रश्न. एक नेहमींच्या वापरांतील कॅमेरा घेतला तर १०० मीटर उंचीवरून त्याच्या एका चित्रांत सुमारें १४९ मीटर रुंद व ९९ मीटर लांब जमीन मावते, आणि चित्रांतील एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे पावणेतीन सेंटिमीटर होतात. परंतु चित्रें कडेला कड लावून घेतलीं तर नकाशा होत नाहीं. माणसाला दोन डोळे आहेत म्हणून खोली कळते. त्याचप्रमाणें जमिनीचा प्रत्येक बिंदु अनेक ठिकाणांहून टिपला गेला तरच संगणकास त्याचें स्थान व उंची ठरवितां येते. म्हणून पुढील चित्र मागील चित्राचा ८० टक्के भाग झांकील आणि शेजारची रेषा ७० टक्के झांकील, अशी योजना करतात. याचा अर्थ दर २० मीटरांवर एक चित्र, आणि दोन रेषांत ४५ मीटर अंतर. गांवठाण ४५० मीटर रुंद व ५०० मीटर लांब असेल तर अकरा रेषा होतात. वळणें सोडून साडेपांच किलोमीटरांचा प्रवास. सेकंदास ५ मीटर वेगानें अठरा मिनिटांचें काम. एका बॅटरींत तें बहुधा बसतें.

हें गणित मोडण्यास फार कांहीं लागत नाहीं. २०२१ च्या ड्रोन नियमांनीं देशाच्या आकाशाचे हिरवे, पिवळे व तांबडे असे विभाग पाडले आहेत. हिरव्या विभागांत ४०० फुटांपर्यंत उडण्यास पूर्वपरवानगी लागत नाहीं. परंतु चालू विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरांच्या पट्ट्यांत हीच मर्यादा २०० फुटांवर येते. उंची ६० मीटर केली कीं दोन रेषांतील अंतर २७ मीटर होतें. त्याच गांवठाणाला अठरा रेषा लागतात आणि प्रवास नऊ किलोमीटरांवर जातो. अर्ध्या तासाच्या या कामाला दुसरी बॅटरी हवी, आणि ती बदलण्यासाठीं यंत्र कोठें उतरवावयाचें हेंही आधींच ठरवावें लागतें. चार्ज संपेपर्यंत उडविण्याचा मोह ज्यास आवरत नाहीं, त्यानें हा धंदा न केलेला बरा.

त्याहून फसवा शत्रु म्हणजे चढउतार. १०० मीटर उंची असें आपण म्हणतों, ती जेथून यंत्र उडालें त्या जागेपासूनची. डोंगराच्या पायथ्याच्या गांवांत, ओढ्याकांठच्या मोकळ्या जागेंतून उड्डाण केलें आणि वरची आळी ६० मीटर चढावर असली, तर तिच्यावर यंत्र केवळ ४० मीटर उंच राहतें. तेथें चित्राची रुंदी ६० मीटर होते आणि ७० टक्क्यांऐवजीं २५ टक्केच भाग दोन रेषांत सामाइक राहतो. चढ ७० मीटर असेल तर सामाइक भाग उरतच नाहीं! यंत्र सुखरूप परत येतें, चित्रें स्वच्छ निघतात, आणि वरच्या आळींतील घरें मात्र नकाशांत वेडींवांकडीं होतात किंवा गळतात. वरची आळी पुष्कळदां कोणाची असते, याचाही विचार आंखणाऱ्यानें करावा.

यावर उपाय म्हणून प्रणालींत जमिनीच्या उंचीची माहिती भरतात. फेब्रुवारी २००० मध्यें एंडेव्हर या अंतराळयानानें अकरा दिवसांच्या फेरींत रडारनें मोजलेली उंची त्यासाठीं पुष्कळ वापरली जाते. तीमुळें रेषा चढाबरोबर वर व उताराबरोबर खालीं येते. पण ती सुमारें तीस मीटरांच्या चौकटींची माहिती. तींत विजेच्या तारा नाहींत, आणि नंतर उभारलेले मोबाइलचे मनोरे तर असणेंच शक्य नाहीं. तेवढ्यासाठीं आंखणाऱ्यानें गांवांत पायीं फिरून यावें लागतें.

गांवकऱ्यांचेंही एक काम उड्डाणापूर्वींच उरकावयाचें असतें. आपापल्या जागेची हद्द त्यांनीं चुन्याच्या पांढऱ्या रेषेनें आंखून दाखवावयाची. ड्रोनला दिसतें तें छप्पर, जोतें नव्हे. भिंतीची मालकी तर मुळींच दिसत नाहीं. दोन शेजारी फक्की हातीं घेऊन समोरासमोर उभे राहतात, आणि साठ वर्षें न बोललेली गोष्ट तेथें बोलली जाते. चुना वळचणीखालीं पडला तर वरून दिसावयाचा नाहीं. म्हणून नकाशा छापून आल्यावर कर्मचारी तो घेऊन पुन्हां गांवांत जातात, घरोघर ताडून पाहतात, आणि आकाशांतून न दिसलेल्या हातभर बोळासाठीं जुनी टेप काढतात. हरकती ऐकून घेतल्यावर मिळकतपत्रिका तयार होते. तोंपर्यंत चुना बहुधा पावसानें धुऊन गेलेला असतो.