दहा पूर्णांक नऊचा हट्ट



आज मैदानाबद्दल थोडे बोलू. खेळताना तुमच्याशी सर्वांत जास्त कोण बोलते? प्रशिक्षक नव्हे, अम्मी-अब्बा नव्हे. तुम्ही स्वतःच. आणि बरेचदा काय बोलता? "पुन्हा चुकलास." "तुला जमणारच नाही." शेजारच्या मुलाला आपण असे कधी बोलणार नाही, पण स्वतःला सर्रास बोलतो.

आपल्या मुलींवर तर दुहेरी ओझे असते. घरच्यांची समजूत काढून ती मैदानावर आलेली असते. एक शर्यत हरली की तिला वाटते, "आता सगळे म्हणतील, सांगितले होते ना!" मग चूक ही चूक राहत नाही, तो निकाल होतो. अशा वेळी चांगली खेळाडू खेळ सोडते. माझी काळजी ती आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेचे उदाहरण घ्या. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो अंतिम फेरीत आघाडीवर होता. शेवटी एक नेम फसला आणि तो चौथा आला. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, त्याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकले. तिथेही सुरुवातीला तो मागेच होता.

आता गणित करा. त्या अंतिम फेरीत एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण. स्वप्नीलच्या ४४ गोळ्यांचे पूर्ण गुण ४७९.६ होतात. त्याला मिळाले ४५१.४. सुवर्ण जिंकणाऱ्या चीनच्या लिऊ युकुनचे पूर्ण गुण झाले असते ४९०.५, त्याला मिळाले ४६३.६. म्हणजे ऑलिंपिक विजेताही जवळजवळ २७ गुणांनी 'अपूर्ण' होता! मग शाळेच्या मैदानावर आपण स्वतःकडे कोणता हिशेब मागतो?

मात्र एक सांगतो. आरशासमोर "मीच सर्वश्रेष्ठ" म्हणणे म्हणजे सकारात्मक स्वसंवाद नव्हे. मनाला ते पटत नाही, आणि न पटलेले वाक्य उलट बोचते. खरे आणि उपयोगाचे बोला. त्याच्या तीन सवयी.

पहिली, निकालाऐवजी कृती सांगा. "हरू नकोस" नको. "नजर चेंडूवर", "खांदे सैल", "श्वास सोड" म्हणा.

दुसरी, स्वतःला नावाने हाक मारा. "सना, पुढचा चेंडू." नावाने बोलले की जरा लांबून पाहता येते.

तिसरी, सरावानंतर वहीत दोन ओळी लिहा: आज काय जमले, उद्या काय सुधारायचे. "मी वाईट आहे" ही तिसरी ओळ लिहायची नाही.

हे शब्द स्पर्धेच्या दिवशी अचानक आठवत नाहीत. धावण्याचा सराव करतो, तसा त्यांचाही रोज करावा लागतो.

पालकांनाही विनंती. मूल घरी आले की "किती गुण?" याआधी "मजा आली का?" विचारा. आज तुम्ही जे बोलता, तेच उद्या ते स्वतःशी बोलणार आहे.