पोच घेतल्याशिवाय कागद सोडायचा नाही

(वनगावांतल्या कार्यकर्त्यांचं शिबिर पुण्यात झालं. त्यात दुसऱ्या दिवशी सकाळी संघटनेच्या वतीनं जे बोलणं झालं, ते उतरवून घेऊन इथं देत आहोत.)



काल रात्री जेवणं झाल्यावर जे भांडण झालं ते बरंच झालं. जुन्या साथींचं म्हणणं असं, की आपली संघटना जमिनीसाठी उभी राहिली. वरईची, नाचणीची रानं आपल्या नावावर व्हावीत म्हणून आपण मोर्चे काढले, केसेस घेतल्या, जेलात गेलो. आणि आता काय, तर निराधारचे फॉर्म भरा, रेशनकार्डं काढा, दाखल्यांसाठी तलाठी भाऊसाहेबांच्या मागं फिरा. अशानं कार्यकर्त्याचा कारकून होतो, आणि कारकुनाचा पुढं दलाल.

हे म्हणणं आम्ही खोटं मानत नाही. आपल्याच एका पोराला आम्ही फॉर्म भरायला शिकवलं. हुशार पोरगा, अक्षर चांगलं. आज तो तालुक्याच्या कचेरीबाहेर टेबल टाकून बसतो आणि पन्नास रुपये घेतल्याशिवाय पेनाचं टोपण काढत नाही. त्याला आम्हीच घडवला, म्हणून ती चूक आमच्या पदरात आहे. तरी पण आमचं म्हणणं वेगळं आहे, आणि ते एका बाईच्या गोष्टीनं सांगतो. बाईचं नाव घेत नाही, पाड्याचंही नाही. तुम्हाला तुमच्या पाड्यावरची कुणी आठवेलच.

वय चाळिशीच्या आसपास, पोरं तीन. नवरा ऐन श्रावणात तापानं गेला. ओढ्याला पाणी, रस्ता बंद. चार जणांनी तिथंच माती दिली. ग्रामपंचायतीत कुणी कळवलं नाही. दुःखात कोण जातंय ग्रामसेवकाला शोधायला? पुढं दोन-तीन वर्षांनी तिला कुणीतरी सांगितलं, की विधवा बाईला संजय गांधी निराधार योजनेतून दर महिन्याला पैसे मिळतात. ही योजना १९८० पासूनची आहे, नवीन नाही. ती तालुक्याला गेली. नवरा मेल्याचा दाखला आण म्हणाले. ग्रामपंचायतीत गेली, तर नोंदच नाही. कागदावर तिचा नवरा जिवंत!

एका माणसानं तीनशे रुपये घेतले आणि सगळं करून देतो म्हणाला. त्यासाठी तिनं शेळी विकली. आठ महिने ती हाटाच्या दिवशी जाऊन विचारायची. फाईल वर गेलीय, एवढंच उत्तर. शेवटी ती टेबलावर गेली तेव्हा कळलं, की तिच्या नावाचा अर्जच आलेला नाही. अर्ज दिला याला पुरावा काय? काही नाही. अंगठा कुठं दिला, कोणत्या कागदावर दिला, तेही तिला सांगता येईना.

आता बघा, यात कायदा काय सांगतो. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. मरण एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत कळवलं तर नोंद सहज होते. महिना उलटला, की २०२३ पर्यंत प्रतिज्ञापत्र आणि वरची परवानगी लागायची. वर्ष उलटलं, की २०२३ पर्यंत न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा, म्हणजे कोर्ट. एकवीस दिवसांतलं एक पायपीटीचं काम राहिलं आणि त्या बाईला कोर्टाची पायरी चढावी लागली. तो आदेश मिळाला कसा? पाड्यावरच्या चार बाया तिच्याबरोबर गेल्या, दहावीची एक मुलगी गेली, आणि ज्यांनी माती दिली होती त्यातले दोघे साक्षीला गेले. मुलीनं अर्ज दोन प्रतीत लिहिला. एक प्रत कचेरीत दिली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेऊनच उठली. शिक्का साहेबाकडे आहे, उद्या या म्हणाले, तर या सगळ्या जणी तिथंच खाली बसल्या. उद्याच्या ऐवजी तासाभरात शिक्का मिळाला.

तीनशे रुपये घेणारा माणूस तालुक्याला राहतो, ती मुलगी पाड्यावर राहते. तिला रोज त्या बाईचं तोंड बघायचं आहे. विहिरीवर भेट झाली की बाई विचारणार, पोरी, माझ्या कागदाचं काय झालं? आम्हाला जी मदत पाहिजे ती अशी, तोंड लपवता न येणाऱ्या माणसाची.

आपण पुण्यात बसलोय, तर पुण्यातलंच एक उदाहरण घ्या. कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बाया तुम्ही काल सकाळी रस्त्यानं येताना पाहिल्यात. मे १९९३ मध्ये या कामातल्या आठशेवर बाया-माणसं इथं एकत्र जमली आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बाबा आढाव बरोबर होते, एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या होत्या. आपल्याला जंगल, तशी त्यांना कचराकुंडी. रानात आपण लाकूडफाटा आणायला गेलो की गार्ड चोर म्हणतो, तसं त्यांना पोलीस चोर म्हणायचे. त्यांनी आधी काय मागितलं? अनुदान नाही, कर्ज नाही. त्यांनी ओळखपत्र मागितलं, आणि १९९५-९६ च्या सुमारास पुणे महापालिकेनं त्यांच्या संघटनेच्या कार्डाला मान्यता दिली. ही बाई काम करते, चोर नाही, एवढं त्या कार्डावरून कळायला लागलं. पुढं पोरांची शिष्यवृत्ती, आजारपणाचा विमा, या गोष्टी त्याच कार्डाच्या आधारानं मागता आल्या. आणि वस्तीवस्तीतून निवडलेल्या बाया दर महिन्याला एकत्र बसतात, त्यामुळं कुणाचं काय अडलंय ते वस्तीतूनच वर येतं. नाहीतर आपल्याकडं हिरडा गोळा करणाऱ्या बाईजवळ काय आहे? महामंडळाच्या केंद्रावर माल दिल्याची पावतीसुद्धा ती चुलीजवळ टाकून देते. आमच्या घरातही हेच चालायचं, सांगायला लाज कसली.

आता काल विचारलेल्या मुद्द्यावर येतो. जमिनीचा लढा आणि हे कागद वेगळे आहेत का? ३ मे २००२ ला दिल्लीहून पत्र निघालं, की जंगलातली सगळी अतिक्रमणं काढा. किती घरांच्या पोटात गोळा आला ते तुम्हाला माहीत आहे. त्यानंतर आपण सगळ्यांनी जोर लावला आणि १० ऑक्टोबर २००२ ला राज्य सरकारचा निर्णय आला, की दाव्यांची तपासणी गावपातळीवर समिती बसवून करायची. तेव्हा आपण काय शोधत होतो? वनखात्याच्या दंडाच्या पावत्या. आणि पावत्या कुणाकडं निघाल्या? ज्या म्हातारीनं त्या पिशवीत घालून आढ्याला बांधून ठेवल्या होत्या तिच्याकडं. ज्यांनी फेकल्या ते अजून साक्षीदार गोळा करतायत. जुन्या रेशनकार्डावर पाड्याचं नाव आणि वर्ष आहे, मतदार यादीत बापाचं नाव आहे, हे सगळं आपण तिथं राहत होतो याचा पुरावा म्हणून पुढं ठेवता येतं. म्हणून कागद सांभाळायची सवय लागली, तर ती दोन्हीकडं कामाला येते. निराधारच्या पैशावर आपण समाधान मानायचं, असं आम्ही म्हणत नाही. पण उपाशी बाई मोर्चाला किती दिवस येणार?

रोजगार हमीचंही तसंच आहे. कायदा १९७७ चा, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. मागेल त्याला काम, असं आपण भिंतीवर लिहितो. पण नमुना नंबर ४ भरून दिला आणि त्याची पोच घेतली, तरच पंधरा दिवस मोजायला सुरुवात होते. तोंडी मागितलं तर हाती पुरावा राहत नाही. काम न दिल्यास बेकार भत्ता आहे, पण पोच नसेल तर भत्ता कशाचा मागणार? एका उन्हाळ्यात एका गावानं तोंडी मागणी केली आणि काम नाही म्हणून शेवटी निम्मं गाव वीटभट्टीवर गेलं. त्यात दुसरा तोटा काय झाला बघा. २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या पाहणीत तेरा प्रश्न होते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. पाहणीवाला आला तेव्हा भट्टीवर गेलेल्या घरांना कुलूप. काही घरं यादीतून गेली, काहींची माहिती शेजाऱ्यानं सांगितली, आणि शेजाऱ्याशी बांधावरून भांडण. ज्याच्याकडं भांडी सुद्धा पुरेशी नाहीत तो कागदावर खातापिता झाला. मग पिवळं कार्ड नाही. अंत्योदयचं पस्तीस किलो धान्य, जे तेव्हा तांदूळ तीन रुपयांनी आणि गहू दोन रुपयांनी असं मिळायचं, तेही नाही. आणि घरातला कमावता माणूस मेला तर दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेव्हा दहा हजार रुपये एकरकमी मिळायचे, ते पण गेले. भट्टीवर जाणाऱ्या कातकरी घरांचं हे सगळ्यात जास्त होतं. त्यांच्यासाठी गावात मागं राहिलेल्या कुणीतरी त्यांची नावं वहीत ठेवली पाहिजेत.

म्हणून आमची मागणी अशी, की प्रत्येक पाड्यानं दोन माणसं निवडावीत. त्यातली एक बाई असलीच पाहिजे, कारण विधवा बाई आपलं दुखणं पुरुषाला सांगत नाही. एक वही ठेवायची. कोणी कशासाठी अर्ज केला, कधी दिला, पोच मिळाली का, पुढं कधी विचारायचं. मूळ कागद कुणाच्याही हातात द्यायचा नाही, नक्कल द्यायची. अर्ज पाड्यावरच, सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचून लिहायचा, म्हणजे अंगठा देणाऱ्याला कळतं आपण कशावर दिला. एसटीचं भाडं गावाच्या वर्गणीतून. अर्जदाराकडून चहासुद्धा नको, चहापासूनच ते टेबल सुरू होतं. आणि वही दर महिन्याच्या बैठकीत सगळ्यांपुढं उघडायची. आणखी एक, हे काही जणांना आवडणार नाही. समोरचा दुसऱ्या पक्षाचा असला, गेल्या निवडणुकीत आपल्याविरुद्ध नाचला असला, तरी त्याचा अर्ज वहीत घ्यायचा. नाहीतर आपण आणि सरपंचाचा माणूस यात फरक काय राहिला?

इथल्या वसतिगृहांत शिकणारी आपली पोरं मागं बसली आहेत. तुम्हाला जातपडताळणीसाठी क्वीन्स गार्डनच्या आदिवासी संशोधन संस्थेत खेटे घालावे लागतात. आजोबाचा शाळेचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा राहण्याचा पुरावा, हे शोधता शोधता कागद कसा बोलतो ते तुम्ही शिकलात. गावात ते ज्ञान कुणालाच नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरी याल तेव्हा चार दिवस पाड्यावरच्या वहीला द्या. आमची पिढी अंगठ्यावर गेली. आमच्या अंगठ्यांवर लोकांनी काय काय उचललं ते तुम्हाला घरी सांगितलेलं आहेच.

आता चहा घ्या. ज्यांना क्वीन्स गार्डनला जायचं आहे ती पोरं आणि त्यांचे पालक दहा वाजता दारात जमा, आमच्यातले दोघं बरोबर येतील. बाकीच्यांनी गावागावानं गोल करून बसायचं. प्रत्येक गावाला एक वही आणि कार्बन पेपर दिलेले आहेत. पहिल्या पानावर आपल्या पाड्यावर या वर्षी कोण कोण मेलं ते लिहा, आणि त्यांच्यापुढं नोंद झाली की नाही ते लिहा. ज्यांचे एकवीस दिवस अजून उलटले नाहीत त्यांच्या नावाला खूण करा. त्या गावाचे लोक आज रात्रीच्या गाडीनं परत जातील, भाड्याचं बघितलं आहे.